सस्पेन्शनचं काम झालं तरी पुढचं चाक हलतंय: जुन्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे नवीन पार्ट टाकले, आणि आता चाक आधीपेक्षा जास्त हलतंय. नवीन पार्टच खराब निघाला का?

निघू शकतो, पण पहिला संशय त्याच्यावर घेऊ नका. आधी हा विचार करा की या कामात आपला हात कुठे कुठे लागला. बॉल जॉईंट (आर्मच्या टोकाला असलेला, सगळीकडे वळणारा गोळ्याचा जोड) बदलायला हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) काढलं असेल तर बेअरिंगचा नट परत बसवलाय, टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) सोडवला असेल तर तो परत आवळलाय, कॅलिपर काढला असेल तर त्याचे बोल्ट, आणि चाक तर काढलंच होतं. काम एका जॉईंटचं असलं तरी उघडलेल्या जागा सात-आठ होतात, आणि नव्वद टक्के वेळा (हा आपला माझा अंदाज, कुठली पाहणी नाही) लूजपणा यातल्याच एखाद्या जागेत सापडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जुना पार्ट इतका खुळखुळत होता की त्याच्या आवाजात बाकीच्यांचे आवाज ऐकूच येत नव्हते. तो गेला, आणि मागे लपलेला आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्याला दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) आता बोलायला लागला. म्हणजे प्ले (जोडातला ढिलेपणा) नवीन नाही, फक्त तुम्हाला आत्ता दिसला.

चाक हलवून बघायचं म्हणजे नेमकं कसं?

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण्या, पुढचं चाक जमिनीपासून दोन-तीन इंच वर आणि वजन स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून चाक गदागदा हलवायचं नाही, हे सांगायची गरज नसावी पण तरी सांगतो.

मग घड्याळासारखं धरायचं. एक हात बारावर, एक सहावर, आणि वरून ओढ-खालून ढकल, खालून ओढ-वरून ढकल. नंतर नऊ आणि तीनवर धरून तेच. झटके द्यायचे नाहीत, छोट्या ताकदीने पण ठाम हलवायचं, कारण जोरात झटकलं की अख्खी गाडीच हलते आणि मग काय हलतंय ते कळत नाही.

बारा-सहा हलतंय आणि नऊ-तीनही तितकंच हलतंय, तर बहुतेक बेअरिंग. फक्त बारा-सहा, तर बॉल जॉईंट, किंगपिन (जुन्या गाड्यांत चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) किंवा आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या हातांचे) बुश. फक्त नऊ-तीन, तर स्टिअरिंगची लाइन, म्हणजे टायरॉड एंड, आयडलर, स्टिअरिंग बॉक्स. हे "बहुतेक" आहे हं, शंभर टक्के नाही. खरं निदान चाक हलवणाऱ्याला होतच नाही, ते दुसऱ्या माणसाला होतं जो चाकामागे तोंड घालून प्रत्येक जोडावर बोट ठेवतो. बोट असं ठेवायचं की अर्धं एका तुकड्यावर आणि अर्धं शेजारच्या तुकड्यावर. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाच्या पेराला लगेच टिचकीसारखा कळतो.

जॅक कुठे लावायचा याने फरक पडतो का?

खूप पडतो, आणि इथेच बरेच लोक चांगल्या बॉल जॉईंटला खराब आणि खराबला चांगला ठरवून मोकळे होतात. स्प्रिंगचा दाब बॉल जॉईंटवर असला तर तो दाबून धरलेला असतो आणि कितीही झिजला तरी हलत नाही. म्हणून तपासताना त्याच्यावरचा दाब काढायला लागतो.

कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉईंटच्या जितका जवळ जाईल तितका. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल, जशी पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगला आहे, तर गाडी फ्रेमखालून उचला आणि वरच्या आर्मखाली लाकडाचा ठोकळा अडकवा. स्ट्रटवाल्या (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या) गाडीत बॉडीखालून उचलून चाक लोंबकळत ठेवलं तरी चालतं. तुमच्या गाडीत स्प्रिंग कुठे बसते हे बघायला एक मिनिट लागतो, तो मिनिट घालवा.

ब्रेक दाबून बघा असं सगळे म्हणतात, त्याने काय कळतं?

माझ्या मते अख्ख्या निदानातली सगळ्यात कामाची आणि फुकटातली टेस्ट. बारा-सहा हलवताना दुसऱ्याला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा. ब्रेक लागला की हब आणि नकल (हब ज्यावर बसतं तो, चाकाबरोबर न फिरणारा तुकडा) एकमेकांना जखडतात, म्हणजे बेअरिंग यातून बाहेर पडलं. हलणं बंद झालं तर प्ले बेअरिंगमध्ये होता. ब्रेक दाबूनही हलतंय तर प्ले त्याच्या मागे आहे, किंगपिन, बॉल जॉईंट, बुश, यापैकी कुठेतरी.

ड्रमच्या गाडीत शूज स्वतः थोडे सरकतात, सरकत्या कॅलिपरच्या पिना झिजल्या असतील तर तिथेही किंचित हालचाल दिसते, त्यामुळे अगदी बारीक हललं म्हणून लगेच बॉल जॉईंटची ऑर्डर टाकू नका. फरक किती पडला ते बघा.

डिस्क असेल तर अजून एक खूण आहे. वळण घेतल्यावर पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसऱ्यांदा दाबला की ठीक लागतो. बेअरिंग लूज असलं की डिस्क डोलते आणि पॅड मागे ढकलते, म्हणून असं होतं. लोक अशा वेळी ब्रेक ब्लीड करत बसतात, दोनदा, तीनदा, आणि हवा काही निघत नाही, कारण हवा नाहीच.

बेअरिंगचा नट किती टाइट करायचा?

मागच्या डिफरन्शियलचं बेअरिंग ज्याने बसवलंय त्याच्या हाताला घट्ट बसवायची सवय असते, पण पुढच्या टेपर रोलर बेअरिंगला बहुतेक जुन्या गाड्यांत थोडासा मोकळेपणा ठेवायचा असतो. गरम झाल्यावर त्याला जागा लागते. सर्वसाधारण पद्धत अशी की चाक हाताने फिरवत फिरवत नट साधारण १५-१६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग नट सैल करा, परत नुसत्या बोटांनी आवळा, आणि स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून आरपार घालतात त्या पिनचं) भोक जुळलं नाही तर नट मागे घ्या, पुढे नाही. बऱ्याच अमेरिकन गाड्यांना असं करून ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर एंड प्ले (हबचा आत-बाहेर ढिलेपणा) राहायला हवा असतो.

आता गंमत बघा, बॉल जॉईंट आणि टायरॉड एंडच्या खाचांच्या नटाला नेमका उलटा नियम आहे. तिथे भोक जुळलं नाही तर नट पुढे, अजून आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. एकाच संध्याकाळी दोन्ही कामं करताना हे हमखास उलटसुलट होतं. आणि स्प्लिट पिन नवीनच, जुनी सरळ करून परत घालायची नाही.

नीट बसवलेल्या बेअरिंगलाही टायरच्या कडेला केसभर हालचाल जाणवते, कारण आतला छोटासा प्ले टायरच्या कडेपर्यंत येताना मोठा होतो. तेवढ्याला घाबरून नट आवळला तर बेअरिंग जळेल. शंका असेल तर मॅग्नेटवाला डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं मीटर) हबला लावा, हब आत-बाहेर ओढा आणि आकडा वाचा.

सगळ्या गाड्यांना हेच सेटिंग चालतं का?

नाही! एमजीबीमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर आणि शिम (अंतर जुळवायच्या पातळ रिंगा) असतात, तिथे नट चांगला ५४ ते ९५ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो आणि प्ले शिमने ठरतो, ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. तिथे कोणी "बोटाने आवळून मागे घ्या" केलं तर चाक लूजच राहणार, आणि शिम हरवून परत बसवलं तर बेअरिंग पिचून जाणार. हब उघडताना तिथून पातळ रिंगा पडल्या आणि "या कसल्या" म्हणून बाजूला ठेवल्या, असं काही झालंय का ते आठवून बघा.

जुन्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मध्ये स्प्लिट पिन नसतेच, ॲलन बोल्टने आवळायचा क्लॅम्प नट असतो आणि एंड प्ले फक्त ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर, म्हणजे डायल गेजशिवाय होत नाही. फोक्सवॅगन बीटलमध्ये डाव्या चाकाचा स्पिंडल नट उलट्या आट्यांचा असतो, सैल करतोय असं समजून आवळत बसलेले लोक मी बघितलेत. थोडक्यात स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल काढा, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही.

नट बरोबर सेट केला होता, शंभर किलोमीटर चालवली आणि परत लूज. असं कसं?

हे माझ्याच हातून झालंय. वरचे-खालचे बॉल जॉईंट आणि दोन्ही बेअरिंग बदलली, सगळं छान, आठवड्याने डावं चाक बारा-सहा हलायला लागलं. मी बेअरिंग आत्ताच सेट केलंय म्हणून त्याला यादीतूनच काढून टाकलं आणि खालच्या बॉल जॉईंटला दोष दिला. दुसरा मागवला, बसवला, तरी तेच. शेवटी बायकोला म्हटलं जरा ब्रेक दाबून धर. प्ले गायब! मी ब्रेकची टेस्ट केलीच नव्हती, त्या एका गोष्टीसाठी एक अख्खा बॉल जॉईंट आणि दोन रविवार गेले.

हब उघडलं. बाहेरच्या बेअरिंगची रेस, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवतात ती कडी, तिच्या मागे टॉर्च धरली तर एका बाजूला नख जाईल एवढी फट, दुसऱ्या बाजूला काही नाही. जुनी रेस छिन्नीने ठोकून काढताना मीच हबच्या खांद्यावर धातूचा एक बारीक कंगोरा उठवला होता, नवीन रेस त्यावर टेकून तिरकी बसली होती. चालवताना ती हळूहळू दाबली गेली आणि तेवढी जागा मोकळी झाली. कानशीने कंगोरा घासला, रेस परत ठोकली, आणि आजतागायत गप्प आहे.

रेस ठोकताना कानाने कळतं. जागी बसेपर्यंत आवाज पोकळ, बद्द येतो, खांद्याला टेकली की एकदम खणखणीत होतो आणि हातोडीला हिसका बसतो. तो आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. आणि नवीन रोलर जुन्या रेसमध्ये घालायचा शहाणपणा करू नका, जोडी जोडीनेच बदलायची.

बॉल जॉईंट नवीन आहे, नट पूर्ण आवळलाय, तरी जोडातच हालचाल दिसते.

टेपर बसला नसेल. बॉल जॉईंटचा दांडा निमुळता असतो आणि तो नकलमधल्या निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसायला लागतो. भोकात रंग, गंज किंवा ग्रीस राहिलं तर तो रुतत नाही, दोन्ही बाजू कोरड्या आणि स्वच्छ पुसायच्या. नट आवळताना दांडाही बरोबर फिरतोय म्हणजे टेपर अजून पकडलेला नाही. आणि नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडला, पण दांडा तरी भोकात डुलतोय, तर पार्टच वेगळ्या मापाचा आलाय. "जवळपास सारखाच आहे" म्हणून मिळालेला पार्ट असेल तर जुन्याच्या शेजारी ठेवून टेपर मोजा. भोक एकदा अंडाकृती झालं की नकल बदलण्याशिवाय इलाज नाही.

फक्त नऊ-तीन हलतंय. टायरॉड एंड दोन्ही नवीन आहेत.

मग लाइन पुढे बघत जा. एकाने स्टिअरिंग डावी-उजवी थोडं थोडं हलवायचं, गाडी चाकांवर उभी असताना, आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट ठेवत जायचं. आयडलर आर्म हा सगळ्यात विसरला जाणारा पार्ट, तो वर-खाली नाचत असेल तर टायरॉड कितीही नवीन टाका. मग स्टिअरिंग बॉक्स फ्रेमला ज्या बोल्टांनी धरलाय ते, रॅक असेल तर त्याचे क्लॅम्प आणि रबर.

बॉक्सच्या डोक्यावरचा ॲडजस्टिंग स्क्रू हा शेवटचा उपाय आहे. तो चाक सरळ असताना सेट होतो, जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होतं आणि आतले गिअर खराब होतात. लोक पहिल्यांदा तोच पिळतात कारण हाताला लागतो.

किंगपिनवाली गाडी आहे, तिच्यात वेगळं काय?

बीटल १९६५ मॉडेलपर्यंत किंगपिन आणि लिंकपिनवर होती, १९६६ पासून बॉल जॉईंट आले, तेव्हा आधी आपल्याकडे काय आहे ते बघा. किंगपिनचे नवीन बुश नुसते ठोकून भागत नाही, त्यांना रीमरने (भोक मापाचं करायच्या हत्याराने) पिनच्या मापाचं करायला लागतं, वरचा आणि खालचा एका रेषेत, एकाच लांब रीमरने. वेगवेगळं रीम केलं तर एकतर जाम होतं नाहीतर पहिल्या दिवसापासून लूज. पिनला अडकवणारी टेपर कॉटर (निमुळती पाचर) नीट ठोकून तिचा नट आवळलाय का, हेही बघा, ती ढिली असेल तर पिनच ॲक्सलमध्ये हलते आणि तुम्ही बुशला शिव्या देता.

वर-खाली प्ले वेगळा असतो. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून हळूच उचला, नकल वर सरकलं तर थ्रस्ट वॉशर किंवा शिम कमी पडलेत. हा प्ले बारा-सहाच्या टेस्टमध्ये दिसत नाही, खड्ड्यातून जाताना टक्क वाजतो.

वरचा भाग आत-बाहेर हलतो, पण किंगपिन घट्ट आहे!

लिव्हर आर्म शॉक आहेत का? मॉरिस मायनर, एमजीबी वगैरे गाड्यांमध्ये शॉक ॲब्सॉर्बरचा हातच वरच्या आर्मचं काम करतो. त्याच्या शाफ्टचं बेअरिंग झिजलं की चाकाचा वरचा भाग आत-बाहेर डोलतो आणि अगदी किंगपिन गेल्यासारखं वाटतं. शाफ्टपाशी तेल गळून चिकट धूळ बसलेली असते, ती खूण. शॉकच्या बॉडीचे बोल्टही बघा, ते ढिले असले तरी हेच दिसतं.

ट्रायम्फ हेराल्ड किंवा स्पिटफायर असेल तर खालच्या पितळी ट्रनियनकडे (उभ्या लिंकचं खालचं टोक ज्यात वळतं त्या जोडाकडे) लक्ष द्या. त्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल जायला हवं. ग्रीस आट्यांमध्ये नीट पोचत नाही, पाणी शिरतं, आतल्या आत गंजून उभी लिंक तुटते आणि चाक गाडीखाली दुमडतं. हे घाबरवायला सांगत नाहीये, या गाड्यांची ही ओळखीची खोड आहे.

वायर व्हील आहेत. ब्रेक मारला की टक्क होतं, निघालो की परत टक्क.

मग सस्पेन्शन सोडा, स्प्लाइन (हब आणि चाकाचे एकमेकांत बसणारे दात) बघा. चाक वर उचला, ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे फिरवा. हब स्थिर आणि चाक थोडं फिरतंय, म्हणजे स्प्लाइनचे दात झिजलेत. टोकदार, शार्कच्या दातांसारखे झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही जायची वेळ झालीय, नुसतं एक बदललं तर जुनं नव्यालाही खातं. स्पोकवर चमचा वाजवत जा, ढिला स्पोक बद्द वाजतो.

हब काढले होते का? मग डावं-उजवं अदलाबदल तर नाही ना झालं? स्प्लाइनच्या हबला गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे आणि उजव्या बाजूला उलटे आटे असतात. बाजू बदलली तर मधला मोठा नट चालताना आपोआप सुटायला लागतो.

जॅकवर काहीच हलत नाही, पण रस्त्यावर गाडी लूज वाटते, इकडेतिकडे भटकते.

लूज वाटणं आणि लूज असणं वेगळं. काम केल्यावर टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत ते) बदललेला असतोच, टायरॉड किती आटे आत होता ते मोजलं असलं तरी. चाकांची पुढची बाजू बाहेर उघडली असेल तर गाडी नांगरासारखी रस्ता शोधत फिरते. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) कमी झाला असेल तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतः सरळ येत नाही. बॉल जॉईंट किंवा किंगपिन खूप घट्ट असले तरी हेच होतं, सारखं थोडं डावं थोडं उजवं करत बसायला लागतं आणि ड्रायव्हरला वाटतं काहीतरी ढिलं आहे. त्यामुळे आधी टायरची हवा, मग अलाइनमेंट, मग बाकीचं.

ब्रेकला गाडी ओढते आणि खालून धप्प येतं तर खालच्या आर्मचे आतले बोल्ट आणि पुढून-मागून धरणाऱ्या तिरक्या रॉडचे रबर. त्या जागा बघायला मी मोबाइल व्हिडिओ चालू करून चाकाच्या कमानीत घट्ट बांधतो, आणि मोकळ्या जागेत दहा मीटर पुढे-ब्रेक, दहा मीटर मागे-ब्रेक करतो. आर्म अर्धा इंच मागे सरकताना स्क्रीनवर बघितलं की वाद मिटतो.

रबर बुशचे बोल्ट कधी आवळायचे?

गाडी चाकांवर उभी असताना. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, आणि मग लूज होतं. गाडी एका बाजूला उंच दिसत असेल तर हेच बघा.

चाकाचे नट मी स्वतः आवळलेत, ते लूज कसे होतील?

चाक आणि हब जिथे टेकतात तिथे नवीन रंगाचा जाड थर दिलाय का? रंग दबतो, ताण जातो, नट सुटतात. आणि नटाची किंवा बोल्टची बैठक बघा, काही चाकांना निमुळती लागते, काहींना गोल, जसं बीटलच्या मूळ चाकांना. निमुळता नट गोल बैठकीत घातला तर फक्त कडेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि नसतो.

तोवर गाडी चालवू का?

बेअरिंगमध्ये केसभर जास्त प्ले असेल आणि नट-स्प्लिट पिन जागेवर असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत आणून दुरुस्त करा. टेपर बसला नसेल, ट्रनियनची शंका असेल, किंवा काय हलतंय तेच सापडत नसेल तर अजिबात नाही.

दुरुस्त केल्यावर परत कधी बघायचं?

पहिल्या आठ-दहा किलोमीटरनंतर थांबा आणि हबला हात लावा, दोन्ही बाजूंची तुलना करा. एक कोमट आणि एक चटका देणारं, तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त टाइट आहे किंवा ब्रेक चिकटतोय. मग पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने, आणि बारा-सहा, नऊ-तीन परत एकदा. बेअरिंग गुरगुरतंय का ते बघायला चाक वर उचलून एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला न येणारी खरखर स्प्रिंगमधून तळहाताला येते.

ग्रीस हबमध्ये पूर्ण भरायचं का?

नको. रोलरच्या आत तळहाताने दाबून दाबून भरा, हबच्या पोकळीत कडेने थोडं, बस. ठासून भरलं तर गरम होऊन सीलमधून ब्रेकवर येतं.